वंशावळ, भाग एक ते सात

इंटरनॅशनल सिटी, दुबई
रविवार सकाळ

तीर्थरूप किसनदाजी,

इतक्या लांबून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून तुम्हाला आणि मंजुषाताईला नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती, तरी स्कॅनर वरच्या खोलीतच आहे असं ताई फोनवर म्हणाली, त्यावरून गुडघा बरा असावा. ताईने बीपीची गोळी मनाने बंद करू नये. बार्शीत ऊन वाढलं असेल तर दुपारचं बाहेर पडू नका. आमच्याकडे सगळे बरे आहेत. (हे वाक्य लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

पत्र हाताने लिहिलेलं बघून तुम्हाला बरं वाटेल, पण ते प्रेमाने लिहिलेलं नाही. मेलवर माझा विश्वास उरलेला नाही, म्हणून लिहिलं आहे. तुमचे व्हॉट्सअ‍ॅपवर तीन निरोप आले, ‘वंशावळ मिळाली का? अभिप्राय कळवावा.’ तिसऱ्यात खाली दोन हात जोडलेले होते. मिळाली, दाजी. सातही भाग मिळाले. हा अभिप्राय समजावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुम्ही बार्शीत सगळ्यांना ‘आमचा मेव्हणा दुबईला असतो’ असं सांगता आणि मी अकरा वर्षांत ते कधी दुरुस्त केलं नाही. दुबईला कुमुद आणि अंतरा असतात. मी रुवैसला असतो. रुवैस म्हणजे तेलाच्या रिफायनरीचं गाव, दुबईपासून साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. आणि खरं तर मी रुवैसलाही नसतो, तिथून पस्तीस किलोमीटर आत वाळूत आमच्या कंपनीचा पाइपलाइनचा कॅम्प आहे, तिथल्या स्टोअरचा मी इनचार्ज. व्हॉल्व्ह, गॅस्केट, नटबोल्ट काय आलं, काय गेलं, ते बघायचं. राहायला पत्र्याची खोली, बसायला पत्र्याचं ऑफिस. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी दुपारी दोन वाजता चौघं जण मिळून एका गाडीने निघायचं, साडेसहाला इंटरनॅशनल सिटीत पोचायचं आणि रविवारी साडेचारला परत गाडीत बसायचं. म्हणजे चौदा दिवसांतले बावीस तास मी घरी असतो. त्यातले आठ झोपेत जातात, दोन कॅरफोरमध्ये किराणा घेण्यात. अंतरा आता सातवीत आहे. ती दोन वर्षांची असताना मी कॅम्पवर गेलो. ‘बाबा, यू आर हिअर दिस वीकएंड ऑर नेक्स्ट?’ हे ती इतक्या सहज विचारते, की मला तिचा राग येत नाही, फक्त उत्तर देताना कॅलेंडर बघावं लागतं.

आता मेलचं सांगतो, आणि सविस्तर सांगतो, कारण तुम्ही जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं काढलीत आणि रांग म्हणजे काय हे तुमच्याइतकं कोणाला कळणार. आमच्या कॅम्पला वायर आलेली नाही. एका खांबावर एक तबकडी बसवली आहे, ती लांबच्या टॉवरकडे तोंड करून असते आणि तिच्यातून जे काय येईल ते इंटरनेट. वारा सुटला, वाळू उडाली, समोर पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, की ते जातं. पाच मिनिटं येतं, दोन मिनिटं जातं. माझ्या टेबलावर जो जुना कॉम्प्युटर आहे तो मेल कसा आणतो? दुबईच्या हेड ऑफिसातल्या सर्व्हरवर माझे मेल आलेल्या क्रमाने उभे असतात. कॉम्प्युटर पहिल्याला हात धरून आणायला लागतो. तो पूर्ण आला की दुसऱ्याला. पण पहिला अर्ध्यात असताना लाइन गेली, तर लाइन परत आल्यावर तो त्याच पहिल्याला पुन्हा शून्यापासून आणायला घेतो. मागच्यांनी थांबायचं. तुमच्या खात्यात एखाद्याचा एक दाखला कमी पडला, तर त्याला बाजूला उभं करून पुढच्याला बोलवायच्या ऐवजी, त्याच्याकडून सगळा फॉर्म पहिल्या रकान्यापासून परत भरून घ्यायचे, आणि मागची रांग उन्हात. (तुम्ही असं केलं नसेल. तुमच्या टेबलाबद्दल बोलत नाही.) एरवी आमचे मेल चिमूटभर असतात, दोन मिनिटांत दहा येतात, म्हणून हे अकरा वर्षं चाललं.

मग मागच्या रविवारी तुम्ही वंशावळ पाठवली.

त्यामागचे तुमचे कष्ट मला माहीत आहेत. स्वतःच्या घराण्याची वंशावळ संपवून तुम्ही सासुरवाडीची हातात घेतलीत, असं जावई सहसा करत नाहीत. दोन वर्षं तुम्ही आमच्या भाऊबंदांची सहा गावं फिरलात, गुडघा घेऊन फिरलात. चौसष्ट मोठे कागद झाले. ते तुम्ही नवीन स्कॅनरवर स्कॅन केलेत आणि स्कॅनरने ‘दर्जा कोणता?’ असं विचारल्यावर सर्वोत्तम निवडलात, कारण साधा दर्जा निवडणं तुमच्या स्वभावात नाही. मग ते एका मेलमध्ये मावेना, तेव्हा तुम्ही त्याचे सात मेल केलेत, भाग एक ते सात, प्रत्येक मेल त्याच्या पोटाला जेवढं सोसेल तेवढा भरलेला. आणि ते माझ्या घरच्या पत्त्यावर न पाठवता ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेत. का, तर घरच्या पत्त्यावरचा कागद माणूस बाजूला ठेवतो, ऑफिसच्या पत्त्यावर आलेला त्याला बघावाच लागतो. अनुभवाचं बोलणं आहे, मी नाकारत नाही.

त्याच रविवारी इथे शमाल सुटला. शमाल म्हणजे इकडचा वायव्येचा वारा. तो सुटला की तीन-चार दिवस आकाश पिठाच्या रंगाचं होतं आणि दातांत वाळू लागते. सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला. खाली एक पट्टी येते, तिच्यावर किती टक्के झालं ते दिसतं. ‘सात पैकी भाग एक’ यायला लागला. अठरा टक्क्यांवर लाइन गेली. परत शून्य. एकतीस. शून्य. दुपारी जेवायच्या वेळेला तो त्र्याण्णव टक्क्यांवर पोचला होता आणि मी, स्टोअर उघडं टाकून, त्या पट्टीसमोर हात जोडून बसलो होतो. तेवढ्यात टँकर आला. पाणी आणणारा पठाण भला माणूस आहे, मला लांबून सलाम करतो. त्याने तबकडीच्या बरोबर समोर टँकर लावला आणि मला सलाम केला. शून्य.

सोमवारभर मला दुसरा एकही मेल आला नाही. मेल येत नव्हता तसा पाठवताही येत नव्हता, कारण आमचं ते जुनं यंत्र आधी आणतं आणि मग नेतं. माझ्या टेबलापासून सहा फुटांवर रुपेश बसतो, माझा असिस्टंट, बत्तीस वर्षांचा, कुर्डुवाडीजवळचा. तीच तबकडी, तीच लाइन. त्याचे मेल टपाटप येत होते. त्याला कोणी नातेवाईक मेल पाठवत नाहीत. त्याचा मोठा भाऊ त्याच्याशी बोलत नाही, त्यामुळे त्याची लाइन मोकळी.

मंगळवारी सकाळी मी हेड ऑफिसला डॅरिलला फोन केला. डॅरिल आमच्या आयटीत आहे, वसईचा, गुणी मुलगा. माझ्याशी मराठीत बोलतो आणि मला अंकल म्हणतो. त्याने तिकडून बघितलं आणि म्हणाला, “अंकल, तुमच्या बॉक्समध्ये सात मेल आहेत, एकेक चोवीस एमबीचा. कोणाचे आहेत हे?”

“आमच्या दाजींचे.”

“इम्पॉर्टंट आहेत?”

मी म्हटलं, “डिलीट कर.”

“असं फोनवर नाही होत, अंकल. तुमच्या आयडीवरून मला मेल टाका, प्लीज डिलीट म्हणून. पॉलिसी आहे.”

“अरे, मेल जात नाही म्हणून तर फोन केलाय.”

“हो, ते बरोबर आहे,” डॅरिल म्हणाला. मग त्याने दुसरा उपाय सांगितला. सेटिंगमध्ये एक खूण करायची, की कॉम्प्युटर आधी फक्त सगळ्या मेलचे मथळे आणतो, कोणाचा आहे आणि विषय काय एवढंच. मथळे हलके असतात, एका दमात येतात. मग आपल्याला हवा तो मेल निवडून तेवढाच आणायचा, बाकीचे तिकडेच पडू द्यायचे. मी त्याने सांगितलं तिथे खूण केली. पण वाऱ्याने मथळेही येऊ दिले नाहीत. शेवटी कंटाळून खूण काढून टाकली आणि भाग एक परत शून्यापासून सुरू झाला.

त्या मंगळवारी दुपारची गोष्ट नीट वाचा. मी पट्टीकडे बघत बसलो होतो, चौसष्ट टक्के झाले होते. रुपेश चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “काका, तो मेल आला का तुम्हाला?”

“येतोय,” मी म्हटलं.

“मग टाकणार का तुम्ही?”

मला वाटलं, सकाळचं डॅरिलचं बोलणं त्याने ऐकलं असेल आणि वंशावळीचं विचारतोय. “टाकून देणार,” मी म्हटलं. तो ‘बरं’ म्हणून जागेवर गेला आणि काहीतरी टाइप करायला लागला.

तो विचारत होता अर्जाबद्दल. दाजी, आमच्या कंपनीचं मोठं स्टोअर दुबईत रास अल खोरला आहे, गोदामांचा भाग आहे तो, आणि आमच्या घरापासून बसने वीस मिनिटं. तिथला इनचार्ज अचानक कॅनडाला गेला. त्या जागेसाठी एचआरच्या करेनबाईंनी सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला कंपनीतल्या दोघांनाच मेल पाठवला. एक मी, एक रुपेश. इच्छा असेल तर बुधवारी दुपारी चारपर्यंत उत्तर द्यावं, उत्तर आलं नाही तर इच्छा नाही असं धरलं जाईल. ज्या जागेची मी अकरा वर्षं वाट बघत होतो, जिच्यासाठी दर वर्षी दोनदा अर्ज केला, ती जागा सोमवारी अकरा वाजल्यापासून माझ्या रांगेत आठव्या नंबरवर उभी होती. तिच्या पुढे सात जण होते. आपले पूर्वज.

गुरुवारी पहाटे वारा पडला. आकाश धुतल्यासारखं निळं होतं. सकाळी आठला मी कॉम्प्युटर लावला आणि चहा संपायच्या आत भाग एक आला. मग दोन, मग तीन. साडेनऊपर्यंत सातही भाग आले आणि त्यांच्या मागून, दरवाजा उघडल्यावर माणसं आत घुसतात तसे, करेनबाईंचे चार मेल आले. पहिला, जागा आहे. दुसरा, आठवण. तिसरा, आपला प्रतिसाद न मिळाल्याने. चौथा, रुपेशचं अभिनंदन, प्रत मला. चारही मेल मी पाच मिनिटांत वाचले. त्याच वेळी सहा फुटांवर रुपेश त्याच्या आईला फोनवर सांगत होता, की दुबई मिळाली. फोन ठेवून तो माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला. दुसरं काय देणार.

मी शुक्रवारची रजा टाकली, पहाटेच्या बसने निघालो आणि दुपारी हेड ऑफिसात करेनबाईंसमोर जाऊन बसलो. चांगली बाई आहे. पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मी तबकडी सांगितली, शमाल सांगितला, टँकर सांगितला. वंशावळ सांगताना मात्र माझी हिंदी कमी पडली. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. “देखिए अंबादासजी, सिस्टममें डिलिव्हर्ड है. मंडे, इलेव्हन झिरो फोर.” मी म्हटलं, ते तुमच्या सर्व्हरवर पोचलं, माझ्यापर्यंत नाही. त्या म्हणाल्या, “बाउन्स होता, तो मैं खुद फोन करती.” म्हणजे मेल हरवून परत गेला असता तर त्यांनी मला फोन केला असता. तो हरवला नाही, हाच घोटाळा झाला. रांगेत शहाण्यासारखा उभा राहिला. “एकदा फोन करायला काय झालं होतं?” हे मी मराठीत म्हणालो. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली घेतली आणि मग म्हणाल्या, “ब्रदर-इन-लॉ को बोलिए, फोटो छोटा करके भेजें.” निरोप पोचवला.

घरी गेलो तेव्हा कुमुद पोळ्या करत होती. शुक्रवारी मला दारात बघून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग, काहीतरी झालंय हे लक्षात येऊन, विझला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तव्यावरची पोळी करपली तशी तिने गॅस बंद केला.

“किती दिवस होता तो मेल तिथे?”

“तीन.”

“आणि रास अल खोर.”

“हो.”

“मी रोज नर्सरीत कामाला जाताना त्या बसमधून जाते,” ती म्हणाली. एवढंच. मग हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, “बघू तरी, काय आलंय ते.”

लॅपटॉपवर आम्ही तिघांनी तुमची वंशावळ बघितली. अक्षर तुमचं सुरेख आहे, दाजी, याबद्दल वाद नाही, आणि सर्वोत्तम दर्जामुळे कागदाचा पोतसुद्धा दिसतो. सातव्या भागात शेवटून दुसऱ्या पानावर मी सापडलो. ‘अंबादास. दुबई येथे कुटुंबासह सुखी.’ आणि माझ्या नावाखाली एक लहान गोल. आमच्या चुलतभावांच्या नावांखाली रेघा निघून खाली मुलगे लोंबत आहेत, माझ्याखाली गोल. अंतराने पडद्यावर बोटांनी ते मोठं मोठं केलं आणि म्हणाली, “व्हेअर अ‍ॅम आय?”

मी म्हटलं, पूर्वीपासून यात मुली लिहायची पद्धत नाही. तिने पानाच्या तळाशी तुम्ही लाल शाईने दिलेला खुलासा शोधला. मराठी ती अडखळत वाचते. “गोल म्हणजे, शाखा, संपली. मम्मी, व्हॉट इज शाखा संपली?”

“ब्रँच क्लोज्ड,” कुमुद म्हणाली.

“लाइक अ बँक?”

“हो, तशीच,” म्हणून कुमुद परत स्वयंपाकघरात गेली. अंतरा हसली नाही, रागावलीही नाही. तिने लॅपटॉप मिटला आणि आतल्या खोलीत गेली. जाताना दार तिने हळूच लावलं. दाजी, आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. तुम्ही आमच्यासाठी केलंत. पण झालं काय ते एकदा सरळ बघा. माझे दोनशे वर्षांतले सगळे पुरुष, ज्यांतल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही, ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यामुळे माझी मुलगी माझ्याजवळ यायची राहिली. आणि त्या सगळ्या कागदांत तिचं नाव नाही. चौसष्ट पानं, एकशे अडुसष्ट एमबी, आणि एक अकरा वर्षांची पोरगी त्यात बसली नाही. (तेरा वर्षांची. वयसुद्धा मी मनातल्या मनात मोजतो, तर चुकतं.)

तेव्हा अभिप्राय असा. काम मेहनतीचं आहे. माझ्या नावाखालचा गोल खोडून तिथे रेघ ओढावी आणि ‘अंतरा’ असं लिहावं, शाई कोणतीही चालेल. दुरुस्त पान पाठवू नये. लिहिलं एवढं फोनवर सांगावं.

हे पत्र रुपेशबरोबर देतोय. नवीन जागेवर रुजू व्हायच्या आधी त्याला दहा दिवस रजा मिळाली आहे, तो स्वतः बार्शीला येऊन देईल. त्याला चहा द्या. त्याच्याशी वाईट वागू नका, त्याची काही चूक नाही. मी त्याच्याशी बरा वागायचा प्रयत्न करतोय आणि दिवसातून एखाद्या वेळी ते जमतं.

ताईला हे पत्र वाचायला देऊ नका. ती रडेल आणि मग तुमच्याशी भांडेल, आणि दोन्ही गोष्टी तिच्या बीपीला चांगल्या नाहीत.

तुमचा,
अंबादास

ता. क. कुमुद म्हणते आहे, जपून राहा आणि गुडघ्याला शेक घ्या. हे तिने मनापासून सांगितलं आहे. ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

आणखी एक ता. क. (वेगळ्या कागदावर)

कॅम्प, सोमवार दुपार

दाजी, वरचं पत्र कुमुदने काल वाचलं. ‘दाजींना जरा जास्तच बोललात,’ म्हणाली, पण काही खोडायला लावलं नाही. हा कागद तिने वाचलेला नाही. पाकीट बंद करायच्या आधी आत घालतोय. वाचून झाला की फाडा.

मंगळवारी मथळे आले होते.

डॅरिलने सांगितलेली खूण केली आणि दहा-बारा सेकंदांत सगळी यादी समोर आली. वर तुमचे सात आणि आठव्या ओळीत करेनबाई. विषयातच सगळं होतं, रास अल खोर स्टोअर, बुधवार चारपर्यंत उत्तर. त्या ओळीवर दोनदा क्लिक केलं असतं तर तेवढा मेल अर्ध्या मिनिटात आला असता. लाइन त्या वेळी चांगली पंधरा मिनिटं टिकली, एरवी कधी टिकत नाही. मी ती पंधरा मिनिटं त्या ओळीकडे बघत बसलो. मग सेटिंगमध्ये गेलो आणि खूण काढून टाकली. रुपेशने चहा देताना काय विचारलं, तेही मला कळलं होतं.

का, ते मी स्वतःलाही नीट सांगू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी कॅम्प बंद पडला होता तेव्हा मी सलग दहा दिवस घरी होतो. मी सोफ्यावर बसलो की अंतरा टीव्ही लावायच्या आधी मला विचारायची. कुमुद विचारायची, ‘हल्ली चहा किती वाजता घेता?’ चौथ्या दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘कधी निघायचंय?’ वाईट हेतूने नाही. तिला फक्त भाजी किती आणायची ते ठरवायचं होतं. बावीस तास मी चांगला नवरा असतो, दाजी, चांगला बापही असतो, त्याची मला सवय झाली आहे. तेविसाव्या तासाला मी कोण असतो ते मला माहीत नाही आणि त्या दोघींनाही नाही. इतकी वर्षं मी अर्ज करत होतो, कारण मिळणार नाही याची खात्री होती. त्या मंगळवारी पहिल्यांदा वाटलं, मिळेल.

आता विनंती. कुमुद या आठवड्यात तुम्हाला फोन करणार आहे. मेल कधी पाठवले, किती मोठे होते, ती विचारेल. तिला संशय आलेला नाही, पण तिला सगळं एकदा ताडून बघायची सवय आहे. तुम्ही म्हणा, खूप मोठे होते, चूक माझीच झाली. तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्यावर ती फार दिवस राग धरणार नाही. माझ्यावर धरला तर तो मला चौदा दिवसांतून एकदाच दिसेल, आणि मधल्या काळात वाढत राहील.

करेनबाईंनी माझं नाव टिपून ठेवलं आहे. रुपेश एकटा माणूस आहे, त्याला सौदीहून बोलावणं आहे, तो वर्षभर टिकेल असं त्यांना वाटत नाही. म्हणजे जागा पुन्हा निघेल आणि या वेळी त्या फोनही करतील, पण मेल आधी येईल.

तुम्ही मागे म्हणाला होतात, आईच्या माहेरची वंशावळ अजून राहिली आहे. तिला हात घाला. कागद मोठेच घ्या. पण मी सांगेपर्यंत पाठवू नका.